वामनच्या डब्याची जागा

लडाखची पोस्टिंग आली तेव्हा मी आणि नाईक वामन सुट्टीवर होतो. नागपुरात मे महिना होता. डांबर चपलेला चिकटत होतं. वामन खाप्याच्या विणकर घरातला, माझ्यासारखाच आर्मीचा ड्रायव्हर. ऑर्डर ऐकून तो म्हणाला, "बरं झालं गा. थंडी तं फुकट भेटन."

भेटली. पोटभर भेटली.

आमची डिटॅचमेंट छोटी होती. दोन ट्रक, एक साताऱ्याचे हवालदारसाहेब, एक नर्सिंग असिस्टंट, थोडे जवान आणि बिशन नावाचा गढवाली कूक. वरच्या चौक्यांना रेशन पोचवायचं, कोणी आजारी पडलं तर त्याला खाली हॉस्पिटलला न्यायचं, एवढं आमचं काम. त्या वर्षी मागची खिंड लवकर बंद झाली. हिवाळ्याचं डिझेल पोचलं होतं, पण इंजिनाचं पातळ ऑइल खिंडीपलीकडे राहिलं. आमच्या दोन्ही गाड्यांत मैदानी भागातलं जाड ऑइल होतं.

आज कळमन्याजवळ माझं ऑइल बदलायचं दुकान आहे. हिवाळ्यात संत्र्याचे ट्रक उत्तरेकडे निघतात, आणि ड्रायव्हर हटकून म्हणतात, "काका, जाड टाका, इंजिनले ताकद राहते." नागपूरच्या उन्हात ते खरं आहे. बर्फात तेच ऑइल तुपासारखं थिजतं आणि सेल्फ मारला तरी इंजिन फिरत नाही. म्हणून मी आधी विचारतो, "गाडी कुठं जाऊन राहिली?" मग डबा उघडतो.

वामननं थंडीवर आपला उपाय काढला होता. संध्याकाळी गाडी उभी केली की इंजिन गरम असतानाच सगळं ऑइल डब्यात काढायचं, बॅटरी उतरवायची आणि दोन्ही बंकरमध्ये न्यायचं. बंकरमध्ये केरोसीनवर चालणारी बुखारी होती. तिच्या शेजारची सगळ्यांत उबदार जागा वामनचा डबा अडवून बसायचा.

हवालदारसाहेब म्हणाले, "अरे, रिकामं इंजिन कोणी चालू केलं तर?"

"नाही करत, साहेब." त्यानं स्टेअरिंगला आपला लाल मफलर बांधला. मफलर असेल तर ऑइल आत नाही, हे सगळ्यांना कळलं.

मी विचारलं, "हे कुठून शिकला बे?"

"मायकडून. सुताले लावाची खळ थंडीत गच्च होते. माय गाडगं चुलीपाशी ठेवते. सकाळी खळ बी तयार, माय बी तयार."

आम्ही त्याला फार पिडलं. बिशन तर रोज विचारायचा, "वामनभाई, बच्चे का नाम क्या रखा?" वामन हसायचा आणि डब्यावर आपलं ब्लँकेट टाकायचा. मी मात्र सकाळी माझ्या गाडीच्या ऑइल चेंबरखाली स्टोव्ह पेटवायचो. दुपारपर्यंत गाडी चालू व्हायची. रेशनच्या कामाला तेवढं पुरायचं.

एका सकाळी बिशन चहा घेऊन आला नाही. जाऊन पाहिलं तर ओठ निळे पडलेले, छातीत घरघर. नर्सिंग असिस्टंटनं कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "फुप्फुसात पाणी भरतंय. आत्ता खाली नेला नाही तर जाईल."

रेडिओवर उत्तर आलं, "मौसम खराब है. हेली नहीं आएगा. रोड से भेजो. ओव्हर."

मी धावत जाऊन माझ्या गाडीला सेल्फ मारला. इंजिन एकदा कण्हलं, मग नुसतं टक्. स्टोव्ह पेटवायला वेळ नव्हता.

वामन डबा कडेवर घेऊन आला, ब्लँकेटसकट. मी बॅटरी जोडली. त्यानं मफलर सोडून गळ्यात घातला आणि ऑइल ओतलं. ते सरळ धारेनं उतरलं. पहिल्या सेल्फला गाडी थरथरली आणि थांबली. वामननं डॅशबोर्डवर हात ठेवला.

"चाल वं माय."

दुसऱ्या सेल्फला काळा धूर निघाला आणि इंजिन चालू झालं. आम्ही सगळे ओरडलो. हवालदारसाहेबही ओरडले. बिशनला मागे झोपवलं, नर्सिंग असिस्टंट त्याच्याजवळ बसला.

वामन खिडकीतून म्हणाला, "माझ्या डब्याची जागा धरून ठेव गा. कोनी बसला तं उठव."

"जा बावा, जा लवकर."

संध्याकाळी रेडिओ बोलला, "पेशंट पहुँच गया. ठीक है. ओव्हर." मी बाहेर जाऊन रडलो. वामनला मिठी मारावीशी वाटत होती, आणि तो खाली होता.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच परत निघाला. नाल्याच्या वळणावर वरून बर्फाचा कडा सुटून त्याच्या गाडीवर आला. आम्ही फावडी घेऊन पोचलो. केबिनपर्यंत पोचायला फार वेळ लागला. मफलर त्याच्या गळ्यातच होता.

खिंड उघडल्यावर मी खाप्याला गेलो, तेव्हा त्याच्या मायनं एकच विचारलं, "तो पोरगा वाचला ना?"

"वाचला, माय."

त्याआधी, बिशन बरा होऊन वर आला तेव्हा हिवाळा अजून बाकी होता. बंकर गच्च भरलेला असायचा. बाहेरून आलेला माणूस थंडीनं कुडकुडत असायचा, तरी बुखारीजवळची ती जागा सोडून पलीकडे बसायचा. बिशनही पलीकडेच बसला.

मी जागा धरून ठेवली, वामन. कोणाला उठवावं लागलं नाही.