थेल्मा गार्नहॅमचे हितसंबंध

एल्मस्टनच्या शाळेत थेल्मा गार्नहॅम तीस वर्षं स्वयंपाक करायची. तिच्या हातचं उकडलेलं बीट मी पाच वर्षं मुकाट गिळलं. पुढे मी डिस्ट्रिक्ट कौन्सिलात सभांचं इतिवृत्त लिहायला लागलो, आणि चौसष्टाव्या वर्षी ही बाई त्याच कौन्सिलात निवडून आली. का आली, ते सांगतो. ऐकताना मळमळेल, पण त्याला इलाज नाही.

तिचं घर मिल लेनच्या उताराच्या शेवटी. गावाचं गटार दोनशे घरांसाठी घातलेलं, घरं झाली चारशे. एका फेब्रुवारीत तीन दिवस पाऊस लागून राहिला आणि तिच्या अंगणातल्या चेंबरचं झाकण उचललं गेलं. मैला मागच्या दारानं आत आला आणि स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत साचला. नवरा वारलेला. एकटीनं तिनं तो दोन दिवस बादल्यांनी उपसला.

मग ती दारोदार फिरली. आमच्याकडे कचऱ्याचा डबा डिस्ट्रिक्टचा, डबा ज्या रस्त्यावर उभा तो रस्ता त्याहून वरच्या काउंटी कौन्सिलचा आणि रस्त्याकडेचं बाकडं पॅरिशचं, म्हणजे गावपंचायतीचं. गावपंचायतीनं हळहळ व्यक्त केली आणि तिला डिस्ट्रिक्टकडे धाडलं. डिस्ट्रिक्टनं काउंटीकडे. काउंटीचा माणूस म्हणाला, "रस्त्यावरचं पाणी आमचं, बाई. घरातलं नाही." पाण्याच्या कंपनीनं कळवलं की गटाराची क्षमता पुरेशी आहे.

"पुरेशी आहे म्हणे," थेल्मा मला पोस्टाच्या दारात म्हणाली. "बरोबरच आहे. उरलेलं माझ्या घरात मावतंय ना!"

त्या मे महिन्यात ती कुठल्याही पक्षाशिवाय उभी राहिली आणि अकरा मतांनी निवडून आली.

कौन्सिलात चाळीस खुर्च्या. निम्म्यांवर मोठे जमीनदार, उरलेल्यांवर त्यांचे ओळखीचे. थेल्माला बांधकाम समितीवर घेतलं. तिचा चेअरमन क्लाइव्ह हॅदरिल, आधी गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. तोही एल्मस्टनचाच, थेल्माच्या वर्गातला. वर्षभरात समितीपुढे अर्ज आला: मिल लेनच्या वरच्या शेतात बेचाळीस घरं. शेत क्लाइव्हच्या बायकोच्या भावाचं.

जागा बघायला समितीची मिनीबस निघाली, मीही वही घेऊन. आठ जणांच्या पायांत कोरे करकरीत गमबूट. थेल्मानं सगळ्यांना उताराच्या टोकाला नेलं. आदल्या रात्री पाऊस झाला होता. चेंबरच्या कडेनं करडं पाणी बुडबुडत होतं आणि कुंपणाच्या तारेला कागदाच्या चिंध्या लोंबत होत्या. कुणी रुमाल नाकाला लावला, कुणी मोबाइलात डोकं घातलं.

"थेल्मा, हा तर गावाकडचा वास!" क्लाइव्ह म्हणाला. "शहरातले लोक पैसे मोजतात गं यासाठी."

आणि ते हसले. सगळे. मी हसलो नाही, पण गप्प राहिलो, आणि ते काही फारसं वेगळं नव्हे.

सभेच्या दिवशी कौन्सिलचा वकील तिला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, तुमचं घर त्या उतारावर आहे. तुमच्या मालमत्तेची किंमत यात गुंतली आहे. तुमचा हितसंबंध येतो. तुम्हाला मत देता येणार नाही."

"आणि क्लाइव्हचा? शेत त्याच्या मेव्हण्याचं आहे."

"नियमात जोडीदार येतो. जोडीदाराचा भाऊ येत नाही."

"म्हणजे ज्याच्या घरात घाण येते त्याचा हितसंबंध, आणि जो पाठवतो त्याचा नाही?"

वकिलानं नियमांची फाइल मिटली. मात्र मतदानाआधी एक रहिवासी म्हणून तिला तीन मिनिटं बोलता येणार होतं. ती उभी राहिली. हातात कागद नव्हता.

"माझ्या स्वयंपाकघरात काय वर आलं ते सांगते. केस होते. कागद होता. आणि सकाळी साखळी ओढून तुम्ही ज्याचा विचार सोडून देता, ते होतं. गावातल्या पोरांना मी तीस वर्षं जेवू घातलं, आणि ज्या पातेल्यात रस्सा करायचे त्यानंच मी ते उपसलं, कारण बादल्या पुरेनात. क्लाइव्ह, तुझं घर माझ्या वरच्या अंगाला आहे. त्यात तुझंही असेल."

"थेल्मा! तोंड सांभाळ. इथे लोक खाताहेत."

खरंच खात होते. मधे चहा-खाण्याचे ट्रे फिरत होते आणि क्लाइव्हच्या हनुवटीला सॉसेज रोलचा चुरा चिकटला होता.

ती बाहेर गेली. सात विरुद्ध एक मतांनी घरं मंजूर झाली. संध्याकाळी क्लाइव्ह माझ्या टेबलापाशी आला. "बेसिल, ते सगळं नको लिहूस. कौन्सिलची शोभा राहिली पाहिजे." मी लिहिलं: "सदस्या गार्नहॅम यांनी रहिवासी या नात्याने सांडपाण्याच्या निचऱ्याबाबत चिंता व्यक्त केली." ते वाक्य आजही अभिलेखात आहे. त्याची मला त्या मैल्यापेक्षा जास्त शिसारी येते.

पंधरा दिवसांनी तिच्यावरच तक्रार झाली. असभ्य भाषा. माफी मागा म्हणाले. तिनं दोन ओळी पाठवल्या: "मी फक्त काय वर आलं ते सांगितलं. शब्द घाण वाटले असतील तर येऊन वस्तू बघा." कुणी आलं नाही. तिला समितीवरून काढलं.

घरं झाली. दुसऱ्याच हिवाळ्यात त्यांतल्या सहा घरांत मैला वर आला. शहरातून आलेली, कर्ज काढून घर घेतलेली माणसं दारात थिजून उभी होती. थेल्मा गमबूट घालून त्यांच्याकडे गेली, पाणी कुठून अडवायचं, जमीन कशानं घासायची ते सांगत. पहिल्या दिवशी एका तरुण बाईनं तिला विचारलं, "तुम्ही तेव्हा कौन्सिलवर होतात ना? मग हे होऊ कसं दिलंत?" थेल्मा जमीन घासत राहिली.

आता पाऊस पडला की पंपाचा टँकर येतो, शोषून घेतो, जातो. क्लाइव्हला निवृत्तीच्या वेळी मानाची पदवी मिळाली.

गेल्या वसंतात डिस्ट्रिक्टच मोडीत निघालं. शेजारच्या चार डिस्ट्रिक्टांत मिसळून एक मोठं कौन्सिल झालं, पस्तीस मैल लांब. शेवटच्या सभेला शेरी आणि सँडविचेस होती. थेल्मा कशाला शिवली नाही. मी तिला खिडकीपाशी गाठलं आणि सांगितलं, त्या दिवशीचे तुमचे शब्द मी गाळले.

"माहीत आहे. वाचलं मी," ती म्हणाली.

"मला माफ—"

"नको रे. तू माफी मागशील, मला ती द्यावी लागेल, आणि मग आपल्या दोघांनाही बरं वाटेल." तिनं कोट अंगात घातला. "मला बरं वाटून घ्यायचं नाहीये."

नव्या कौन्सिलची सभा गुरुवारी असते. एल्मस्टनहून गुरुवारी बस नाही. ती शेजाऱ्याच्या गाडीनं जाते, मागच्या बाकावर बसते आणि दर वेळी रहिवासी म्हणून तीन मिनिटं बोलते. इतिवृत्त आता दुसरं कुणी लिहितं.