लाल चिंधीची झाडं

मामा कुणालाही 'कसं काय?' असं विचारत नसत. ते विचारत, 'हिकडूनच का आले?' घनसावंगीच्या जीपमध्ये कुणी मागच्या फळीवर बसला की मामा पुढून वळून म्हणत, "पुढं जागा व्हती की. मागंच का बसले?" माणूस वैतागे. "मामा, हे काय इचारायचं हाये का?"

"राग नका मानू. नुसतं इचारून राह्यलो."

आणि ते खरंच नुसतं विचारत. मागं बसलं की उतरायला जल्दी होते, एवढं उत्तर मिळालं तरी मामा खूश. मग दिवसभर ते दुसऱ्यांना सांगत.

मामा माझ्या नात्यातले नव्हते. मोसंबीची कलमं बांधत, म्हणून सगळ्या पंचक्रोशीचे मामा. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाची साल चिरायची, चांगल्या मोसंबीच्या काडीवरचा, कोंब फुटतो तो डोळा त्या चिरेत बसवायचा आणि वर पट्टी गुंडाळायची. त्यांनी बांधलेलं कलम क्वचितच वाया जाई. पण लोक त्यांचा हात बघत, मी त्यांचे पाय बघत असे. डोळे ज्या काडीवरून घ्यायचे, ती काडी ते स्वतः झाडापाशी जाऊन तोडत. आधी झाडाभोवती फिरत, फळ खाऊन बघत, मालकाला खोदून खोदून विचारत. पसंत पडलं की फांदीला लाल चिंधी बांधत. माझ्या मळ्यात तशी चार झाडं होती, पार पलीकडच्या कडेला.

"काडीसारखी काडी मामा, कोणतीही घ्या," असं मी एकदा म्हणालो होतो.

"माणूस मोठ्या गोष्टीला लई इचार करतो, म्हणून तिथं सहसा फसत न्हाई," ते म्हणाले. "फसतो ते चपला घालायच्या टायमाला."

मी हसलो होतो.

मी रोपवाटिका सुरू केली तेव्हा माझी तिशी उलटली होती आणि लग्न लांबलं होतं. त्या हिवाळ्यात मामा सायकलवरून पडले. गुडघा सुजला. तरी ते कलमं बांधायला माझ्याकडे आले, खोपीत पोत्यावर बसले आणि चाकूला धार लावत म्हणाले, "आज काड्या तू आण. चिंधीच्या झाडाच्या."

त्या दिवशी मला मंठ्याला मुलगी पाहायला जायचं होतं. पायात नवे बूट होते. वावरात सकाळीच पाणी सोडलेलं, मधे सगळा चिखल. मी बांधावर क्षणभर थांबलो. विहिरीजवळ, कोरड्या जागेत, एक झाड होतं. त्याची फळं इतक्या जाड सालीची की आम्ही ती खात नसू. मी त्याच झाडाच्या काड्या तोडल्या, पानं छाटली आणि ओल्या पोत्यात गुंडाळून नेल्या. पानं छाटल्यावर काडी कोणत्या झाडाची ते ओळखू येत नाही.

"चिंधीच्याच ना?" मामांनी विचारलं.

"हो मामा."

जगाला दहा प्रश्न विचारणाऱ्या माणसानं मला दुसरा प्रश्न विचारला नाही.

ती रोपं भगवानरावांकडे गेली. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन एकर घेतले होते आणि त्यात मोठ्या हौसेनं बाग लावली होती. पाचव्या वर्षी फळ धरलं. पिशवीभर फळं घेऊन ते मामांच्या दारात आले आणि एक कापून समोर धरलं. "मामा, हे काय बांधून दिलं? नुसती साल हाये."

मामांनी वाद घातला नाही. फोड चाखली. त्या दिवसापासून एक मोसंबी त्यांच्या खिशात असे. भेटेल त्याला दाखवून विचारत, "मी कुठं चुकलो असंल?" माझ्याकडे तर कितीदा आले. "तू व्हता ना तिथं? माझी पट्टी ढिली राह्यली व्हती का?" मी म्हणे, जमिनीचा फरक असेल. कधी म्हणे, पाण्याचा असेल.

गावात बोलणं सुरू झालं की मामाचा हात गेला. बोलावणी थांबली. एक दिवस त्यांनी चाकू माझ्या खोपीत आणून ठेवला. "ठुव तुझ्याकडं. मला माझाच भरवसा न्हाई राह्यला."

मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो की मी एकदाच खोटं बोललो. ते खरं नाही. मामा भेटले की मी दर वेळी नव्यानं ठरवत होतो, आज नको. कधी गिऱ्हाईक आलेलं असे, कधी मामा दमलेले दिसत. अशी सहा वर्षं गेली.

गेल्या दिवाळीनंतर तो चाकू घेऊन मी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "इहिरीजवळचं?"

"हो."

"म्हंजे माझा हात बराबर व्हता." हे वाक्य ते दोनदा बोलले. मग एकदम पुढं सरकले. "पण तू तिकडं का न्हाई गेला?"

"चिखल होता मामा. मुलगी पाहायला जायचं होतं. बूट नवे होते."

"मंग? पाह्यले का पाव्हण्यांनी बूट?"

"नाही. दारातच काढून ठेवले होते."

मामा इतके हसले की सून स्वयंपाकघरातून धावत आली. मला मात्र रडू आवरेना. हसणं थांबल्यावर ते म्हणाले, "आता हे भगवानरावला सांग. माझ्यासमोर."

भगवानरावांनी बाग कधीच काढून टाकली होती. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. आत जाऊन स्वतः चहा आणला आणि मामांच्या हातात कप दिला. "मामा, मी गावभर बोलत फिरलो."

"तुमचा काय दोष? फळ तर तसंच व्हतं," मामा म्हणाले. "कलमं पुन्हा बांधून देतो."

माझ्यासाठी कप नव्हता. मला त्याची अपेक्षाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मामा चाकू घेऊन खोपीत आले. काड्या आणायला मी उठलो, तर तेही उठले. गुडघा दुखत होता, म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पावलं मोजत चालू लागले. मोठ्यानं, एकेक. ती त्यांची शेवटची कलमं ठरली; उन्हाळ्यात मामा गेले. भगवानरावांच्या वावरात ती आता गुडघाभर झाली आहेत.

त्या सकाळी झाडापाशी पोचल्यावर त्यांनी विटलेल्या चिंधीला हात लावला. "दोनशे चौदा. माझी पावलं बारीक हायेत. तुझी सव्वाशे भरतील." मग मागं वळून खोपीकडे बघितलं. "एवढंच अंतर?"

मी मान खाली घातली.

"राग नको मानू," मामा म्हणाले. "नुसतं इचारून राह्यलो."