आजोबांनी सरळ केलेली फाइल

ऑफिसात सगळे त्यांना आजोबा म्हणायचे. वय जेमतेम अठ्ठेचाळीस; पण बाकीचे सगळे पंचविशीच्या आतबाहेर, त्यात यांचे केस पार पांढरे. मी शेजारच्या टेबलावर डिझाइन करते, त्यामुळे त्यांचं पुटपुटणं रोज माझ्या कानावर.

पडद्यांच्या एका मोठ्या दुकानाची वेबसाइट आमच्याकडे होती. ऑर्डर आली, पैसे भरले, मेल निघाला, अशा प्रत्येक टप्प्यावर आपला कोड अडकवायची सोय असते, त्याला हुक म्हणतात. थीमच्या, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या कोडच्या, एकाच फाइलमध्ये वर्षानुवर्षं ज्याने त्याने असे हुक लावून ठेवलेले. ऑफिसचा अलिखित नियम असा की वरचं काही हलवायचं नाही, नवीन ते तळाला लिहायचं. गिऱ्हाइकाला एकच मेल दोनदा जायचा, तर कुणा शहाण्याने तळाशी दुसरा मेल अडवणारा हुक लावला. मुळात दोनदा जातो कशाला, हे बघायचं त्याला सुचलं नाही. त्या जंगलातली वाट फक्त आजोबांना ठाऊक. साइट अडली की साहेब स्वतः खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसायचे.

आजोबा कंत्राटावर होते. दर वर्षी नवी सही, दर वर्षी धाकधूक. एक दिवस साहेब म्हणाले, "आजोबा, ही फाइल एकदा सरळ करा. तुम्हाला कायम करून टाकतो."

माणूस हुरळून गेला. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तिथूनच फोन लावून सांगितलं. मग कामाला जुंपून घेतलं. ऑर्डरचे हुक एका क्लासमध्ये, म्हणजे कोडच्या एका वेगळ्या कप्प्यात, डिलिव्हरीचे दुसऱ्यात, मेलचे तिसऱ्यात. प्रत्येक क्लासची फाइल वेगळी, नाव वाचताच आत काय आहे ते कळावं.

मी म्हटलं, "एवढं निगुतीनं कशाला करताय? राहू द्या की थोडा गुंता."

माझ्यावरच डाफरले. "आपल्या सोयीसाठी गुंता ठेवायचा? याला काय काम म्हणतात?"

काम संपलं आणि साहेबांनी नुकत्याच शिकून आलेल्या दोन मुली आणल्या. "यांना जरा समजावून सांगा." जेवणाच्या सुट्टीआधीच मुलींना सगळं कळलं. एकीने तर नवा हुक नेमक्या क्लासमध्ये लावून दाखवला. आजोबांचा आनंद गगनात मावेना! सगळ्यांना चहा पाजला.

संध्याकाळी साहेबांनी आजोबांना बोलावलं. "आता तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला पुरेल एवढं काम इथे नाही." कायम करायच्या गोष्टीचा उल्लेखही नाही. वर शाबासकी, "फार स्वच्छ काम केलंत हं." मेल्याला लाज कशी वाटली नाही!

परवा त्यांच्या घरी गेले. वहिनी माझ्याशी धड बोलल्या नाहीत. "नवरा सरळमार्गी मिळाला म्हणून माझे वडील किती खूश होते," एवढंच म्हणाल्या.

आजोबांनी विचारलं, "साइट चालतेय ना? कुठे अडली का?"

"एकदाही नाही," मी म्हणाले.

"अडायची नाहीच," ते म्हणाले आणि खरंच खूश झाले. वहिनींनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि उठून आत निघून गेल्या.