दीक्षावहिनीची उंची

नणंदेनं भावजयीचं कौतुक करायचं नसतं, असा आमच्याकडे अलिखित कायदा आहे. तो मी आज मोडणार. दीक्षावहिनी म्हणजे माझ्या प्रमोददादाची बायको, इथं इंग्लंडात लीड्सच्या हॉस्पिटलात नर्स. उंची चार फूट दहा इंच. वॉर्डात वरच्या शेल्फवरचं काही काढायचं तर तिला स्टूल लागतं, बड्या कन्सल्टंट डॉक्टरला गप्प करायला लागत नाही.

त्यांचा क्षितिज चौदा वर्षांचा. लहानपणापासून एका मोठ्या फुटबॉल क्लबच्या अकॅडमीत खेळतो. तिथली रीत अशी, की दर वर्षी पोरं तांदळासारखी निवडायची, नकोत ती बाहेर काढायची आणि उरलेल्यांतला एखादाच पुढे फर्स्ट टीममध्ये, म्हणजे क्लबच्या मुख्य संघात जातो. क्षितिजचा पाय सोन्याचा, पण जन्म ऑगस्टच्या शेवटी. इथं वर्ष सप्टेंबरपासून मोजतात, म्हणून हा बिचारा गटात सगळ्यात लहान. बाकीच्यांना मिशा फुटल्या, हा अजून त्यांच्या काखेखालून जातो.

मार्चमध्ये कोचनं बोलावलं. गाडी मी चालवत होते, म्हणून मीही आत जाऊन बसले. ग्रॅहम नावाचा कोच, माणूस सभ्य. म्हणाला, "टॅलेंट आहे. पण आई-वडिलांच्या उंचीवरून आम्ही मुलाच्या उंचीचा अंदाज काढतो. आईची उंची बघता तो फार वाढेल असं वाटत नाही. पुढच्या सीझनला ठेवणं कठीण आहे."

दादानं मान खाली घातली. सभ्य माणसांचा हाच वैताग, बाई! वहिनी मात्र उभी राहिली.

"माझ्याकडे नीट बघा," ती म्हणाली. "माझे आईबाप वीटभट्टीवर होते. आईनं मला पोटात घेऊन विटा वाहिल्या. मी मीठ-भाकरीवर वाढले, तीही रोज नव्हती. माझी उंची रक्तातली नाही, ताटातली आहे. माझं पोर दूध-अंडी खाऊन वाढतंय. त्याच्या डोक्यावर माझी उपासमार कशाला ठेवता?"

क्षितिज माझ्या कानाशी त्याच्या इंग्रजाळलेल्या मराठीत कुजबुजला, "आत्या, आई खूप लाऊड बोलतोय."

"बोलू दे रे!" मी म्हटलं.

कोचनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, मेमध्ये ब्रिस्टलला एक स्पर्धा आहे. तिथं वयावर नाही, शरीराच्या वाढीवर गट पाडतात. क्षितिज आपल्याच अंगापिंडाच्या पोरांशी खेळेल, बहुतेक बारा-तेरा वर्षांच्या. त्यानंतर ठरवू.

झालं! आता दादाला कंठ फुटला. गाडीत बसल्या बसल्या सुरू झाला, "खालच्या वर्गात बसवणार? म्हणजे नापासच की! आपल्या घरात आजवर कुणी नापास झालेलं नाही. पाठवायचं नाही त्याला."

"अहो, मी नवव्या वर्षी पहिलीत बसले," वहिनी म्हणाली. "शेजारी सहा-सहा वर्षांची पोरं, सगळी मला हसायची. मास्तर म्हणाले, बस गं, तुला येईपर्यंत मी थांबतो. तेव्हा लाजून उठून गेले असते, तर आज तुमच्याशी भांडायला इथं नसते."

मला हे नवीनच होतं. डोळे असे भरून आले, की गाडी कडेला घ्यावी लागली.

ब्रिस्टलला पोरानं धमाल केली. इतकी वर्षं धिप्पाड पोरांना चुकवता चुकवता त्याचं डोकं तयार झालं होतं, ते आता बरोबरीच्यांत दिसलं. त्याचा पास कुठं जाणार, कुणाला कळेचना. वहिनी कडेला उभी राहून ओरडत होती, "हाण की रे!" शेवटी शेजारच्या गोऱ्या आयाही तेच ओरडायला लागल्या.

जूनमध्ये परत बोलावणं आलं. "ठेवतोय," ग्रॅहम म्हणाला. "सोळाव्या वर्षापर्यंत नक्की. फर्स्ट टीमचं वचन मात्र देत नाही."

दादानं पेढ्यांचा डबा पुढं केला. पेढा खाता खाता कोच मोकळा झाला. "बरं झालं तुम्ही चिडलात. गेल्या वर्षी अशीच दोन लहानखुरी पोरं आम्ही सोडली. त्यांच्या आया रडत निघून गेल्या."

वहिनी पर्स खांद्याला लावून दारापर्यंत पोचली होती. ती मागं फिरली, खुर्ची ओढली आणि बसली.

"त्यांना फोन करा," ती म्हणाली. "मी थांबते."