न मोजलेला हात

“त्यांचा हात मोजायचा नाही. आणि ते त्यांना कळूही द्यायचं नाही.” माझ्या पहिल्याच मीटिंगमध्ये आमच्या डायरेक्टर बाई माझ्या कानात कुजबुजल्या. नोकरी सोडून गेलेल्या क्लार्कच्या जागी मी नुकतीच लागले होते. तो हात फ्रेमवाल्या काकांचा होता. न्यू जर्सीतली आमची ती मरगळलेली मेन स्ट्रीट काका नसते तर केव्हाच मेली असती, असं माझं ठाम मत आहे. मीटिंगची मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त, मी लिहायचे, पण त्यात हे कधी लिहिलं नाही.

मी काम करायचे ते ऑफिस म्हणजे तिथलं बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट. म्हणजे नक्की काय, असं आईने पुण्याहून फोनवर विचारलं, तेव्हा मला धड सांगता आलं नाही. काकांनी एका दमात सांगितलं. “अगं, गल्लीचं मंडळ! बिल्डिंगवाल्यांकडून वर्गणी घ्यायची, त्यातून झाडलोट, दिवे, फुलांच्या कुंड्या, डिसेंबरातला बाजार. फरक एवढाच, की इथे वर्गणी टॅक्सच्या बिलातूनच जाते. ‘उद्या या’ म्हणायची सोय नाही.” सांगलीत ते मंडळाचे कार्यकर्ते होते आणि इथे येऊन फोटोंना, डिग्र्यांना आणि लोकांच्या कुत्र्यांच्या चित्रांना चौकटी बसवता बसवता ते कार्यकर्तेच राहिले. घाणेरडी काच त्यांना सहन होत नसे. सकाळी व्हिनेगरची बादली आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन ते निघत आणि स्वतःच्या दुकानाआधी बंद पडलेल्या दुकानांच्या काचा पुसत. त्या रस्त्यावर बंद दुकानं चालू दुकानांपेक्षा जास्त होती, त्यामुळे हे काम लांबायचं. “काच मळली की माणूस आत डोकावत नाही, पुढे निघून जातो,” ते म्हणत. चपलांचं दुकान बंद झालं तेव्हा आम्ही त्याच्या काचेवर ‘लवकरच काहीतरी नवं’ अशी पोस्टर्स लावली. “ही काय शोकसभा आहे?” म्हणत काकांनी ती काढायला लावली आणि गिऱ्हाइकांनी कधीच न नेलेल्या फ्रेम्स तिथे मांडल्या. अनोळखी नवरानवरी, कुणाची तरी आजी, टोपी उडवणारी पदवीधर मुलं. दुसऱ्याच दिवशी एक बाई ते बंद दार ठोठावत होत्या. काकांनी फुटपाथवरच त्यांच्या चित्राची मापं घेतली.

एखादा दिवा गेला, की मला फोन. “चौथ्या खांबावरचा गेलाय गं.” मी म्हणायचे, “ओके काका, आय विल लॉग इट.” “मराठीत बोल की! मराठीला टॅक्स लागत नाही.” मी हसायचे आणि पुन्हा ओकेच म्हणायचे. कमी बोललं की कमी चुकतं, हे मी शाळेतच शिकले होते.

मीटिंगला काका सगळ्यांच्या आधी येत, खुर्च्या मांडत आणि टेबलावर चिवड्याचा स्टीलचा डबा उघडून ठेवत. ठराव कुठलाही असो, त्यांचा हात सर्वांत आधी वर जाई, अगदी सरळ. आमच्याकडे मत फक्त बिल्डिंगच्या मालकांना होतं आणि काका होते भाडेकरू. मंडळात राबणाऱ्याचा हात मोजतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि इतक्या वर्षांत कुणी त्यांना वेगळं सांगितलं नव्हतं. चिवडा सगळे खात, हात कुणी मोजत नसे. मीही नाही.

मग खरंच रस्ता जरा हलला. स्टेशनजवळ नवी अपार्टमेंट्स झाली, दोन रेस्टॉरंट्स उघडली. “बघ, चाललं मंडळ!” काका हरखले. त्यानंतरच्या वसंतात त्यांच्या बिल्डिंगच्या मालकाने इमारतीची दर्शनी बाजू नवी करण्यासाठी आमच्याकडे मदतीचा अर्ज केला. कॉपी काढताना मी तिसरं पान वाचलं. ‘तळमजला: भाडेकरू महिनाअखेर जाणार, जागा रिकामी.’ तळमजल्यावर काकांचंच दुकान होतं. त्या दिवशी सकाळीच काका ऑफिसात येऊन गेले होते. “ऐकलंस का? आपल्या दुकानाला नवी काच! मालक म्हणाला, मीटिंगला येऊन सपोर्ट करा. म्हटलं, हे काय सांगायला हवं?” मी म्हणाले होते, “दॅट्स नाइस, काका.”

अर्ज घेऊन मी डायरेक्टर बाईंकडे गेले. “घरमालक आणि भाडेकरूमध्ये आपण पडत नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आपलं काम काचेपुरतं.” त्या वाईट नव्हत्या. त्यांनीही चिवडा खाल्ला होता.

त्या संध्याकाळी मीटिंगला येताना काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. डबाही नेहमीपेक्षा मोठा होता. अध्यक्षांनी अनुकूल असलेल्यांना हात वर करायला सांगितलं आणि काकांचा हात वर गेला, सगळ्यांत आधी, सगळ्यांत उंच. बाही कोपरापर्यंत घसरली. मनगटावर काचेने कापल्याच्या जुन्या खुणा होत्या. मी त्या हाताकडे इतक्या वेळा बघायचं टाळलं होतं, की त्या मला पहिल्यांदाच दिसल्या. मालक त्यांच्याकडे बघून हसला. डायरेक्टर बाई माझ्याकडे बघत होत्या. मालकांचे हात सात होते. मला फक्त तो आकडा लिहायचा होता.

मी उभी राहिले. खुर्ची जोरात करकरली.

“काका, हात खाली घ्या,” मी मराठीत म्हणाले. “त्या अर्जात तुमचं दुकान रिकामं लिहिलंय.”