धुऱ्यावरची ढेप

मूल गावच्या बाजारात भिजवलेल्या सरकीच्या ढेपीचा आंबूस वास आला आणि मी थेट लहानपणच्या आमच्या धानाच्या बांधीत जाऊन पोचलो. ऐन रोवणीत आमचा हल्या, म्हणजे नांगराचा रेडा, चिखलात बसला होता. तो उठला नाही तर रोवणाऱ्या बाया दुसऱ्याच्या शेतात निघून जाणार होत्या.

बाबा शेपटी पिळून थकले आणि मग गावदेवीवरच भडकले. "माय, एवढी ताकद आहे तुही, तं उचल ना त्याले! काऊन पाहून राह्यली?"

आई ढेपीची बादली घेऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहिली. "ये रे राजा," एवढंच म्हणाली. हल्यानं कान हलवला, विचार केला आणि चिखल झटकत उठला.

"पाह्य, मायनं उचलला!" बाबा ओरडले.

"उचलला नाई, बोलावला. माय का पहिलवान आहे? उठला तो आपल्या मनानं."

आईनं देवीला फारच दुबळं करून टाकलं, असं तेव्हा मला वाटलं होतं. आता पन्नाशी उलटल्यावर पटतं. सकाळी मला उठवायला देवानं कधी हात लावला नाही. बायको दाराशी चहा घेऊन उभी राहते. मी कान हलवतो, विचार करतो आणि आपल्या मनानं उठतो.