ड्राय गावातलं वर्षश्राद्ध

चाळीस वर्षांच्या संसारात शरयूबाईंनी घरात स्वतःची दारूबंदी चालवली होती. जगन्नाथरावांना फक्त रविवारी, फक्त गॅलरीत, एकच पेग रम. ग्लास स्वयंपाकघरात दिसला की दोन दिवस अबोला. शिवाय प्रत्येक पेगची डायरीत तारीखवार नोंद. शाळेत कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लावलेली शिस्त कुठेतरी वापरायची होतीच. नवरा आयता सापडला.

ते गेल्यावर पहिलं वर्षश्राद्ध आलं ते १९८६ साली, टेक्सासात, अर्विंगला मुलाकडे, आणि नेमकं रविवारी. बाईंनी मनाशी ठरवलं होतं: त्यांच्या पानाशेजारी पेग ठेवायचा. हयातीत एकदाही स्वतःच्या हाताने दिला नव्हता. आता तरी द्यायचा.

शनिवारी नरेंद्र म्हणाला, "आई, रम आजच बघून ठेवू का? मी इथे नवीन, मला काही माहीत नाही."

"उद्या कोथिंबिरीबरोबर घेऊ. अमेरिकेत किराण्याच्या दुकानात मिळते, रविवारीसुद्धा. माझ्याकडे लिहिलेलं आहे."

लिहिलेलं होतं खरं, पण ते लेकीकडे शॉमबर्गला राहताना, इलिनॉयमधलं. आपली डायरी साऱ्या अमेरिकेला लागू आहे असा बाईंचा समज.

रविवारी दुपारी स्वयंपाक झाकून दोघं निघाली. दुकानात कोथिंबीर मिळाली. "रम? मॅम, अर्विंग ड्राय आहे," गल्ल्यावरची मुलगी म्हणाली. "इथे कुठलीच बाटली विकत नाहीत. डॅलसच्या हद्दीत जा."

हद्दीपलीकडे दारूचं दुकान होतं, पण दाराला कुलूप. शेजारच्या पेट्रोल पंपावरच्या माणसाने सांगितलं, "रविवारी टेक्सासभर बंद. बियर हवी तर देतो."

"हे बियरला घोड्याचं औषध म्हणायचे," बाई मराठीतूनच बोलल्या.

नरेंद्रने हसू दाबलं. "आई, तुझ्यापेक्षा कडक कायदे करणारं कुणीतरी भेटलं बरं का!"

"गाडी चालव."

परतताना अर्विंगमध्येच त्याने एका स्टेकच्या हॉटेलात चौकशी केली. ग्लासात मिळेल, पण हॉटेलनेच कायद्याला पळवाट म्हणून काढलेल्या क्लबच्या मेंबरला. मेंबर कसं व्हायचं? फॉर्म भरून. बाहेर मात्र न्यायची नाही.

"मग इथेच दाखवते नैवेद्य," बाई म्हणाल्या.

श्राद्धाच्या दिवशी, चहूकडे भाजलेल्या मांसाचा वास, आणि शरयूबाई नाकाला पदर लावून मोत्यासारख्या अक्षरात दारूच्या क्लबाचा फॉर्म भरताहेत! नाव, पत्ता, सही. सिस्टरांनी पाहिलं असतं तर गुडघ्यांवर उभं केलं असतं.

रम आली. बाईंनी ग्लास समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला, भोवती पाण्याचं मंडल केलं, हात जोडले. "घ्या," त्या हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी डोळे टिपले. "नरेंद्र, नैवेद्य टाकायचा नसतो. तू घे."

"मी ड्राइव्ह करतोय."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, ग्लास ओढला आणि डोळे मिटून एक घोट घेतला. घशापासून पोटापर्यंत जाळ उतरला.

"शी! इतकी घाण?" त्या खोकत म्हणाल्या. "आणि एवढ्यासाठी हा माणूस चाळीस वर्षं माझी बोलणी खात होता?"

"आई, राहू दे आता."

"थांब जरा," शरयूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा घोट घेतला.